मिडवेस्टमधल्या लहान गावातलं जुनं घर: छपराला काय लागतं आणि किती खर्च येतो

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, मध्य इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टन-नॉर्मल किंवा पिओरियाच्या आसपास नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींमध्ये हल्ली एक विचार वारंवार कानावर येतो. शहरातल्या नव्या वसाहतीत चार लाख डॉलर घालण्यापेक्षा वीस-पंचवीस मैलांवरच्या एखाद्या गावात लाख-सव्वा लाखात जुनं, दुमजली, मोठ्या पडवीचं घर का घेऊ नये? मक्याची शेतं, धान्य साठवायचं उंच एलेव्हेटर, चालत जाण्याजोगी शाळा आणि समोर जुना मेपल. विचार चांगलाच आहे. पण त्या घराच्या डोक्यावर जे आहे, ते स्वस्त नसतं.

शिंगल म्हणजे छपरावर ओळीने ठोकायचे चपटे तुकडे. त्यांचं बंडल, मजुरी आणि कचरा उचलण्याचा ट्रक यांचे दर गाव बघून कमी होत नाहीत. शहरातल्या चार लाखांच्या घराला अठरा हजारांचं छप्पर म्हणजे किमतीच्या साडेचार टक्के. तेच अठरा हजार सव्वा लाखाच्या घराला लागले, तर जवळजवळ साडेचौदा टक्के झाले. घर विकताना त्यातले पूर्ण पैसे परत मिळतीलच असंही नाही. म्हणून गावात छपराचा निर्णय जास्त बारकाईने घ्यावा लागतो. कुठे पैसे घालायचे आणि कुठे नाही, हे कोटेशन मागवण्याआधी आपल्याला कळलेलं असावं. पुढचं सगळं त्यासाठीच लिहिलं आहे.

आधी खालून आणि आतून बघा

शिडी लावून वर चढू नका. दुर्बीण घ्या आणि घराच्या चारी बाजूंनी जमिनीवरून नीट बघा. शिंगलच्या कडा वर वळल्या आहेत का, वरचे दाणे जाऊन काळे डाग उघडे पडले आहेत का, आढं सरळ आहे की मध्येच खचलं आहे, हे खालूनही दिसतं. पन्हळीच्या उतरत्या पाइपाखाली वाळूसारखे दाणे साठले असतील तर शिंगल म्हातारे झाले आहेत. नवीन छपराचे दाणेही पहिल्या वर्षी थोडे गळतात, त्याला घाबरू नका.

मग छपराच्या तिरक्या कडेला, जिथे भिंत त्रिकोणी होते तिथे, थर मोजा. गावातल्या घरांवर दोन थर सर्रास सापडतात, कधी तीनही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी वापरली जाणारी निवासी बांधकाम संहिता दोन थरांवर तिसरा टाकू देत नाही. म्हणजे दोन थर दिसले की सगळं काढावंच लागणार, हे गृहीत धरा. ‘वरूनच एक थर मारून देतो, हजार-दोन हजार वाचतील,’ असं कोणी म्हणालं तर त्याला तिथूनच नमस्कार करा.

खरी तपासणी माळ्यावर होते. ढगाळ दिवशी, बॅटरी घेऊन, फक्त तुळयांवर पाय ठेवत जा. वर बघितल्यावर सलग फळ्या किंवा प्लायवूड दिसलं तर उत्तम. पण १९३०च्या आधीच्या बऱ्याच घरांत फळ्यांमध्ये दोन-तीन इंचांची फट सोडलेली असते, आणि त्या फटींतून जुन्या लाकडी शिंगलची खालची बाजू दिसते. एकेकाळी ती पद्धत योग्यच होती, कारण लाकडाला खालून हवा लागायची. पण डांबरी शिंगलला सलग तळ लागतो. अशा घराचं छप्पर काढलं की पूर्ण माथ्यावर ओएसबीच्या, म्हणजे लाकडाचे तुकडे दाबून केलेल्या, नव्या शीट ठोकाव्या लागतात, आणि हिशेबात एकदम तीन-चार हजार वाढतात. ही एक गोष्ट आधी कळली तरी माळ्यावर चढण्याचं सार्थक झालं.

तिथेच आणखी काही बघून घ्या. खिळ्यांच्या टोकांवर गंज, फळ्यांवर काळी बुरशी, धुराड्याभोवती ओलीचे वळ. न्हाणीघरातल्या पंख्याचा पाइप माळ्यातच उघडा सोडला आहे का, हेही पाहा. असं बऱ्याच घरांत दिसतं, आणि हिवाळ्यात ती सगळी वाफ छपराच्या खालच्या बाजूला गोठते. जमिनीवर करड्या-सोनेरी चकचकीत खड्यांसारखं इन्सुलेशन पसरलेलं दिसलं, तर हात न लावता खाली उतरा. ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. तसंच चिनी मातीच्या गोट्यांवरून गेलेल्या जुन्या तारा दिसल्या, तर त्यांच्यावर इन्सुलेशन टाकण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मापं स्वतः काढा

इथे छपराचं माप ‘स्क्वेअर’मध्ये चालतं. एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट. डांबरी शिंगलची साधारण तीन बंडलं एका स्क्वेअरला लागतात.

एक नमुन्याचं घर घेऊ. तळ २८ बाय ३६ फूट. चारी बाजूंना एक-एक फूट वळचण बाहेर, म्हणजे वरून ३० बाय ३८, अर्थात १,१४० चौरस फूट. आता उतार. १२ इंच आडवं गेल्यावर छप्पर ८ इंच चढत असेल तर त्याला ८:१२ म्हणतात, आणि जुन्या घरांत हा उतार नेहमीचा आहे. त्याचा गुणक १.२०२. गुणाकार केला की १,३७० चौरस फूट, म्हणजे १३.७ स्क्वेअर. (४:१२ ला गुणक १.०५४, ६:१२ ला १.११८, १२:१२ ला १.४१४.)

समोरची पडवी २८ बाय ८, उतार ३:१२, ती साधारण २.३ स्क्वेअर. मागे कधीतरी जोडलेली स्वयंपाकघराची खोली १२ बाय १६, जवळजवळ सपाट, ती २ स्क्वेअर धरा. सपाट खोलीला शिंगल चालत नाहीत, म्हणून ती वगळून शिंगलचं छप्पर एकूण १६ स्क्वेअर. त्यावर दहा-बारा टक्के तूट धरून १८ स्क्वेअरचा माल लागेल.

हे आकडे हातात असले की कोणी २४ स्क्वेअरचं कोटेशन दिलं तर ‘हे कुठून आलं?’ असं शांतपणे विचारता येतं.

उताराचा आणखी एक उपयोग आहे. २:१२ पेक्षा कमी उतारावर डांबरी शिंगल चालत नाहीत. २:१२ ते ४:१२ च्या दरम्यान चालतात, पण खाली अंडरलेमेंटचा, म्हणजे शिंगलखाली अंथरायच्या जलरोधक कागदाचा, दुहेरी थर द्यावा लागतो. आपल्या नमुन्यातली पडवी याच वर्गात मोडते. मागच्या सपाट खोलीला तर रबरी चादर, म्हणजे ईपीडीएम, किंवा तत्सम काहीतरीच हवं. गावातल्या घरांची सगळ्यात जुनाट गळती बहुधा याच मागच्या खोलीत असते, कारण कोणीतरी सपाट छपरावर मुकाट्याने शिंगल ठोकून दिलेले असतात.

इथलं पाणी खालून वर चढतं

पावसाळ्यात वाढलेल्या माणसाला छपराचं पाणी कळतं. मृगाआधी कौलं परतायची, वळचणीखाली पागोळ्या मोजायच्या, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पण मिडवेस्टच्या हिवाळ्यातलं पाणी वेगळ्या वाटेने येतं. घरातली ऊब माळ्यात शिरते, माळा तापतो, छपरावरचा बर्फ खालच्या बाजूने वितळतो. ते पाणी ओघळत वळचणीपाशी येतं. वळचणीखाली घर नसतं, त्यामुळे तिथे ते पुन्हा गोठतं आणि बर्फाचा बांध तयार होतो. मागून येणारं पाणी त्या बांधाला अडून शिंगलच्या खालून वर सरकतं आणि भिंतीत उतरतं. छताच्या कडेला भिंतीलगत पिवळे डाग दिसले तर छपराला भोक आहे असं लगेच समजू नका. बऱ्याचदा दोष माळ्याचा असतो.

म्हणून नवीन छप्पर करताना तीन गोष्टी एकत्र बघायच्या.

पहिली, वळचणीवरचा चिकट जलरोधक थर. त्याला इथे आइस अँड वॉटर शील्ड म्हणतात. संहितेप्रमाणे तो वळचणीच्या कडेपासून बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या आत किमान २४ इंचांपर्यंत जायला हवा. आपल्या नमुन्यात वळचण १२ इंच, अधिक २४, म्हणजे आडवं ३६ इंच. उतारावरून मोजलं तर ४३ इंच. शील्डचा रोल ३६ इंच रुंद असतो. म्हणजे एक पट्टा पुरत नाही, दोन लागतात. कोटेशनमध्ये नुसतं ‘आइस शील्ड’ लिहिलेलं असतं. किती पट्टे, ते लिहून घ्या. दोन उतार जिथे खोलगट जोडले जातात त्या व्हॅलीत आणि धुराड्याभोवतीही तो हवाच.

दुसरी, हवेची वाट. माळ्याच्या जमिनीच्या क्षेत्रफळाचा तीनशेवा भाग इतकी मोकळी हवा हवी, निम्मी वळचणीतून आत येणारी आणि निम्मी आढ्यावरून बाहेर जाणारी. १,००८ चौरस फुटांच्या माळ्याला सुमारे ४८४ चौरस इंच होतात, दोन्हीकडे २४२. आढ्यावरच्या व्हेंटमधून फुटामागे साधारण १८ चौरस इंच मिळतात, म्हणजे चौदा फूट व्हेंट पुरतो. अडचण वर नसते, खाली असते. जुन्या घरांच्या वळचणीत हवा आत घ्यायला जागाच नसते, किंवा ती इन्सुलेशनने बुजलेली असते. खालून हवा आत येत नसताना नुसता आढ्यावर व्हेंट बसवला तर तो घरातली गरम हवाच वर ओढून घेईल. दोन्ही करा, नाहीतर थांबा.

तिसरी, माळ्याच्या जमिनीतली भोकं. दिव्यांच्या तारा, नळाचे पाइप, धुराड्याभोवतीची फट, माळ्यावर जाण्याचं झाकण. ही फोमने आणि पत्र्याने बंद करायची आणि मग वर इन्सुलेशन. इलिनॉयचा मध्य आणि उत्तर भाग पाचव्या हवामान पट्ट्यात येतो. तिथे आर-४९ ते आर-६० हे योग्य लक्ष्य आहे (‘आर’ म्हणजे इन्सुलेशनची उष्णता अडवण्याची क्षमता). क्रम मात्र सांभाळा. फटी आधी बंद करा, मग छप्पर, आणि इन्सुलेशन सगळ्यात शेवटी. फटींच्या फळ्यांचं छप्पर काढताना शंभर वर्षांची धूळ आणि लाकडाचे तुकडे माळ्यात पडतात. ते नव्या कोऱ्या इन्सुलेशनवर पडू देऊ नका.

पैसे फारच कमी असतील आणि छप्पर अजून चार-पाच वर्षं काढेल असं दिसत असेल, तर मी आधी माळ्यावर खर्च करायला सांगेन. हजार-दोन हजारांत होणाऱ्या या कामाने अनेक घरांची हिवाळी गळती थांबते, आणि गॅसचं बिलही उतरतं.

शिंगल की पत्रा

बहुतेक घरांना आर्किटेक्चरल, म्हणजे जाड दुपदरी, डांबरी शिंगल योग्य. एकपदरी थ्री-टॅब शिंगल थोडे स्वस्त पडतात, पण वाऱ्यात टिकत नाहीत. या मोकळ्या सपाट प्रदेशात वारा हा मुख्य शत्रू आहे. १० ऑगस्ट २०२० रोजी आलेल्या डेरेचो वादळाने आयोवातून इलिनॉयपर्यंत कोट्यवधी डॉलरची छपरं उचलली, आणि ती काही चक्रीवादळाची भोवरी नव्हती; सरळ रेषेत धावलेला वारा होता. प्रत्येक शिंगलला चारऐवजी सहा खिळे मारायला सांगा. खिळा फळीत पाऊण इंच तरी शिरला पाहिजे, किंवा फळीतून आरपार गेला पाहिजे.

गारांसाठी ‘क्लास ४’ शिंगल मिळतात. त्यांच्या चाचणीत दोन इंच व्यासाचा पोलादी गोळा वीस फुटांवरून टाकतात. ते दहा ते पंचवीस टक्के महाग पडतात. घेण्याआधी विमा एजंटला विचारा: हप्त्यात सूट मिळते का, आणि वर्षाला किती? उत्तर मिळालं की भागाकार सोपा आहे.

गावांत पत्र्याची छपरं बरीच दिसतात. शेतावरच्या कोठारावर असतो तसा, स्क्रू वरून दिसणारा पत्रा स्वस्तातला. त्याच्या स्क्रूखालचे रबरी वायसर दहा-पंधरा वर्षांत सुकतात आणि मग एकेक स्क्रू बदलावा लागतो. स्क्रू झाकलेला स्टँडिंग सीम पत्रा मात्र चाळीस-पन्नास वर्षं चालू शकतो, पण त्याचा दर जवळपास दुप्पट. घरासाठी २९ गेजपेक्षा २६ गेज घ्या. आकडा लहान तितका पत्रा जाड. आणि पत्र्यावरचा बर्फ एकदम सुटतो. खाली दार, पायवाट किंवा गॅसचा मीटर असेल तर बर्फ अडवणारे स्नो गार्ड लावलेच पाहिजेत.

धुराड्याबद्दल आता लगेच ठरवा. बऱ्याच घरांत ते वापरातच नसतं, नुसती गळतीची जागा म्हणून उभं असतं. छप्पर उघडलेलं असताना ते छपराच्या खालपर्यंत उतरवून टाकलं की पुढची तीस वर्षं त्याच्या फ्लॅशिंगची, म्हणजे सांध्यावर पाणी अडवणाऱ्या पत्र्याची, काळजी संपते. त्याआधी पाण्याचा बंब किंवा जुनी भट्टी त्यातूनच धूर सोडत नाही ना, हे हीटिंगवाल्याकडून खात्रीने तपासा. तिथे चूक झाली तर घरात कार्बन मोनॉक्साइड साठेल. उन्हाळ्यात धुराड्यात ‘चिमनी स्विफ्ट’ नावाच्या पक्ष्यांचं घरटं असेल तर ते केंद्रीय कायद्याने संरक्षित आहे, पिल्लं उडून जाईपर्यंत थांबावं लागतं.

आता खर्च

खालचे दर मिडवेस्टच्या ग्रामीण भागात साधारण आढळणारे आहेत. प्रत्येक गावात, प्रत्येक मोसमात वर-खाली होतात, तरी पट्टा हाच.

जुना एक थर काढून आर्किटेक्चरल शिंगल: स्क्वेअरला ४५० ते ७०० डॉलर
स्क्रू दिसणारा पत्रा: ५०० ते ९००
स्टँडिंग सीम पत्रा: १,००० ते १,६००
सपाट भागावर ईपीडीएम: ७०० ते १,१००
दुसरा थर काढण्याचे जादा: स्क्वेअरला ३० ते ६०
ओएसबीची एक शीट, ठोकून: ७० ते १००
जोडरहित अ‍ॅल्युमिनियम पन्हळ: फुटाला ८ ते १४

आपल्या नमुन्याच्या घराचा हिशेब मांडू. १८ स्क्वेअर शिंगल ५५० दराने ९,९०० डॉलर. दुसरा थर काढायला ८००. मुख्य छपरावर फटींच्या फळ्या आहेत, म्हणून ४३ शीट ८५ दराने ३,६५५. धुराड्याचं फ्लॅशिंग ६००. मागच्या खोलीचं ईपीडीएम १,८००. व्हेंट ६००. पन्हळ १०४ फूट १० दराने १,०४०. एकूण १८,३९५.

आता बघा, यातले फक्त ९,९०० नेहमीच्या ‘शिंगलचे’ आहेत. उरलेले साडेआठ हजार घराच्या वयाचे आहेत. घर खरेदीच्या वाटाघाटीत हाच आकडा कामाला येतो. विकणाऱ्याला ‘छप्पर जुनं आहे’ असं सांगून फार काही सुटत नाही. ‘दोन थर आहेत, खाली सलग तळ नाही, ४३ शीट लागणार’ असं लेखी दाखवलं तर किमतीत खरोखर फरक पडतो.

कुठे वाचवू नये? आइस शील्ड, फ्लॅशिंग आणि नवा तळ. जुनं फ्लॅशिंग ‘अजून चांगलं आहे’ म्हणून परत वापरणं ही सर्वांत महागडी काटकसर. कुठे वाचवता येईल? रंग, ब्रँड, वाढीव वॉरंटीची पाकिटं. पन्हळ पुढच्या वर्षावर ढकलता येते, आणि पडवीचं छप्पर धड असेल तर तेही वेगळं करता येतं.

विम्याचं गणित गावात वेगळं बसतं

पॉलिसी उघडा आणि दोन शब्द शोधा: छपराला ‘रिप्लेसमेंट कॉस्ट’ आहे की ‘अ‍ॅक्च्युअल कॅश व्हॅल्यू’? पहिल्यात नव्या छपराचा खर्च मिळतो, बहुधा दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता काम पूर्ण झाल्यावर. दुसऱ्या प्रकारात घसारा वजा होऊन जे उरेल तेच मिळतं.

मग वारा आणि गारांसाठीचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा भाग, बघा. ते अनेकदा टक्क्यांत असतं, आणि टक्के घराच्या बाजारभावावर नाही, विम्याच्या रकमेवर लागतात. विम्याची रक्कम म्हणजे घर नव्याने बांधण्याचा खर्च. गावातलं सव्वा लाखाचं घर पुन्हा बांधायला अडीच लाख सहज लागतात. २ टक्के म्हणजे ५,००० डॉलर. आता १२,००० चं नुकसान, ६० टक्के घसारा म्हणजे ७,२०० वजा, राहिले ४,८००. त्यातून ५,००० चं डिडक्टिबल. हातात शून्य. वर्षानुवर्षं हप्ता भरलेल्या माणसाला हे गारपिटीनंतर कळतं, तेव्हा फार वाईट वाटतं. आजच एजंटला फोन करा.

पत्र्याचं छप्पर असेल तर ‘कॉस्मेटिक डॅमेज’ वगळलं आहे का तेही विचारा. वगळलं असेल तर गारांनी पडलेल्या खड्ड्यांचे पैसे मिळत नाहीत, गळती लागली तरच मिळतात.

माणूस निवडणं

इलिनॉयमध्ये छपराचं काम करणाऱ्या कंत्राटदाराला राज्याचा परवाना लागतो. आयडीएफपीआर या राज्य खात्याच्या संकेतस्थळावर नाव घालून तो चालू आहे का हे दोन मिनिटांत बघता येतं. मिनेसोटातही राज्याचा परवाना आहे. इंडियाना आणि ओहायोमध्ये घराच्या छपरासाठी राज्यपातळीवर परवाना नाही, तिथे स्थानिक नोंदणी, जुनी कामं आणि विमा यांवरच भिस्त.

तीन कोटेशन घ्या, आणि त्यातलं एक तरी गावाच्या जवळच्या माणसाचं असू द्या. मुख्य रस्त्यावरच्या लाकडाच्या वखारीत किंवा कॅफेत ‘इथे छपराचं काम चांगलं कोण करतं?’ असं विचारलं की दोन-तीन नावं लगेच येतात. इलिनॉयमधल्या आर्थर गावाच्या आसपास आमिश (जुन्या पद्धतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या) कारागिरांच्या टोळ्या पत्र्याचं आणि लाकडाचं काम फार नेटकं करतात. मात्र त्यांचाही परवाना आणि विमा विचारायचा, संकोच करायचा नाही. कामगारांच्या अपघाताचा विमा आणि नुकसानभरपाईचा विमा, या दोन्हींची प्रमाणपत्रं कंत्राटदाराच्या हातून न घेता त्याच्या विमा एजंटकडून थेट मागवा.

गारपिटीनंतर दोन दिवसांत दुसऱ्या राज्यांच्या पाट्यांचे ट्रक गावात फिरू लागतात. दारात उभं राहून ‘डिडक्टिबल आम्ही भरू’ असं सांगणाऱ्याला आत घेऊ नका. इलिनॉयच्या कायद्याने असं आमिष दाखवता येत नाही. विमा कंपनीशी तुमच्या वतीने बोलणी करण्याचा अधिकारही छप्परवाल्याला नाही. दारात येऊन केलेला करार तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येतो. आणि विम्याच्या पैशांवर अवलंबून असलेला करार, कंपनीने दावा नाकारल्याची लेखी सूचना मिळाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत रद्द करण्याची सोय आहे.

एक हजार डॉलरच्या वरच्या कामाला इलिनॉयमध्ये लेखी करार सक्तीचा आहे. त्यात आपण एवढं लिहून घ्यायचंच: किती थर काढणार, आइस शील्डचे किती पट्टे, नवीन फ्लॅशिंग, खिळ्यांची संख्या, कुजलेल्या फळ्यांचा शीटमागे दर, कचरा कोण नेणार, कामाची वॉरंटी किती वर्षं. शीटचा दर आधी ठरलेला नसेल, तर छप्पर उघडं पडल्यावर तो सांगेल तो भाव द्यावा लागतो. आगाऊ रक्कम एक तृतीयांशाहून जास्त देऊ नका. शेवटचा धनादेश देण्याआधी उपकंत्राटदार आणि माल पुरवणारे यांची यादी असलेलं शपथपत्र आणि लीन वेव्हर, म्हणजे घरावरचा हक्क सोडल्याचा कागद, घ्या. नाहीतर कंत्राटदाराने वखारीचे पैसे बुडवले तर तुमच्या घरावर बोजा चढू शकतो.

व्हिलेजच्या ऑफिसात क्लार्कला फोन करून परवानगी लागते का विचारा. लहान गावात ते ऑफिस ठरावीक तासच उघडं असतं, म्हणून हे आधी उरका.

कामाचे दिवस

मे ते ऑक्टोबर हा मोसम. शिंगलची चिकट पट्टी चिकटायला ऊन लागतं. साधारण ४० अंश फॅरनहाइटच्या खाली ती नीट बसत नाही. सप्टेंबर उत्तम, पण स्थानिक कामगारांपैकी काहीजण सुगीत शेतावर जातात, म्हणून तारीख जूनमध्येच पक्की करा.

दोन थरांचा १६ स्क्वेअर कचरा म्हणजे सुमारे चार टन वजन. कचऱ्याचा डबा अंगणातल्या काँक्रीटवर ठेवणार असतील तर खाली फळ्या घालायला लावा. आणि गावात सांडपाण्याची लाइन नसेल तर सेप्टिकची टाकी आणि तिचे पाइप कुठे आहेत ते झेंड्या लावून दाखवा. त्यावरून ट्रक गेला तर छपराइतकाच दुसरा खर्च समोर येतो. १९७८ च्या आधीच्या घराच्या वळचणीचा रंग खरवडणार असतील तर त्यात शिसं असू शकतं. मुलांची खेळणी आणि भाजीचे वाफे झाकून ठेवा, आणि त्या कामाचं प्रमाणपत्र असलेलाच माणूस असू द्या.

जुनं काढून झाल्यावर आणि अंडरलेमेंट अंथरण्याआधी तासभर तरी घरी राहा. उघड्या तळाचे, आइस शील्डचे आणि फ्लॅशिंगचे फोटो काढा. जेवणाच्या सुट्टीत कामगारांना थंड पाणी द्या, वरून काय दिसलं ते विचारा. त्यांना ते माहीत असतं आणि विचारलं की ते मनापासून सांगतात. संध्याकाळी लोहचुंबकाची गाडी गवतावरून दोनदा फिरवून घ्या.

ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी

गावात अनेक घरांत एकटी वृद्ध माणसं राहतात, आणि त्यांच्या छपरावर निळी ताडपत्री वर्षानुवर्षं तशीच असते. कृषी खात्याच्या ग्रामीण विकास कार्यालयाची ‘सेक्शन ५०४’ ही योजना अशांसाठीच आहे. अत्यल्प उत्पन्नाच्या घरमालकांना ४०,००० डॉलरपर्यंत कर्ज, व्याज १ टक्का, मुदत २० वर्षं. वय ६२ किंवा जास्त असेल आणि कर्ज फेडणं शक्य नसेल तर १०,००० डॉलरपर्यंत अनुदान. हवेच्या फटी बंद करणं आणि इन्सुलेशन यांसाठी वेदरायझेशन असिस्टन्स ही वेगळी मदत आहे. तुम्हाला गरज नसली तरी शेजारच्या आजींना हे सांगा, अर्ज भरायला बसा त्यांच्याबरोबर. करसवलतीचं आमिष कोणी दाखवलं तर सावध राहा: घरातल्या ऊर्जाबचतीची केंद्रीय करसवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, आणि साधं छप्पर तर त्याआधीच तीतून बाहेर होतं.

मुख्य रस्त्यावरची विटांची जुनी इमारत दवाखान्यासाठी किंवा दुकानासाठी घेणार असाल तर वरचं बरंचसं लागू होत नाही. तिथे सपाट छप्पर, कडेच्या कठड्याच्या भिंती आणि शेजाऱ्याबरोबरची सामाईक भिंत हे प्रश्न असतात. दोन इमारतींच्या जोडावर काम करताना शेजारच्या मालकाशी लेखी समजूत हवी. काही गावांत टीआयएफ निधीतून (वाढलेल्या मालमत्ता करातून विकासासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून) अशा इमारतींना मदत मिळते, ते गावच्या मंडळाकडे विचारा.

पहिला हिवाळा

पहिला बर्फ पडून थांबला की दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर उभं राहून छपराचा फोटो काढा. बर्फ सगळीकडे सारखा असेल तर माळा थंड आहे, काम बरोबर झालं. एखाद्या भागात बर्फ वितळून शिंगल उघडे पडले असतील, तर बरोबर त्या खाली ऊब गळते आहे. माळ्यात ती जागा शोधून बंद करा. वळचणीवर बर्फाचा बांध झालाच तर कुऱ्हाडीने फोडू नका, शिंगल फाटतात. लांब दांड्याच्या दाताळ्याने जमिनीवरून खालचे तीन-चार फूट मोकळे करा. आणि करारातली कामाची वॉरंटी दोन वर्षांची असेल तर दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये माळा पुन्हा एकदा तपासा. काही दिसलं तर फोन न करता फोटोंसह पत्र पाठवा, तारीख घालून.